ब्याड

माझा स्वभाव मुळात संशयी. कापडाचं दुकान चालवायचं आणि गोड बोलण्यावर विश्वासही ठेवायचा, ही दोन्ही कामं एका माणसाला जमत नाहीत. सत्तरच्या दशकात चादरी-टॉवेलांच्या खरेदीला मी दर दोन महिन्यांनी नगरहून सोलापूरला जायचो आणि सात रस्त्याजवळच्या एका लॉजवर उतरायचो. तिथल्या वरच्या मजल्यावर पन्नाशीचा एक नोकर होता, अक्कलकोटकडचा. सकाळी न सांगता गरम पाण्याची बादली दाराशी आणून ठेवायचा, गादीवरची चादर झटकून घालायचा.

मला हे खटकायचं. न मागता कोण कशाला करेल? ह्याचा डोळा आपल्या खिशावर आहे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यामुळे निघताना तो दुसऱ्या कुठल्या खोलीत असेल तेव्हाच मी जिना उतरायचो. टिप म्हणजे मालकाने पगार वाचवायचा आणि भुर्दंड प्रवाशाने सोसायचा, असं माझं तत्त्व होतं. तत्त्व म्हटलं की कंजूषपणा जरा बरा दिसतो.

एकदा मी मोरीच्या कट्ट्यावर घड्याळ विसरलो. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. बाजारात पोचल्यावर लक्षात आलं. रिक्षा करून परत आलो, तर हा नोकर घड्याळ रुमालात गुंडाळून जिन्यातच उभा. आता येईल मुद्द्यावर, असं मनाशी म्हणत मी एक रुपया पुढे केला. त्याने हात मागे घेतला.

"ब्याड, ब्याड," तो म्हणाला.

मला ऐकू आलं 'बेड'. म्हणजे रुपया पुरत नाही, वर बेडचे वेगळे हवेत! माझं डोकंच फिरलं. तसाच खाली गल्ल्यावर गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत मॅनेजरला म्हणालो, "तुमचा माणूस बेडचे पैसे वेगळे मागतोय."

मॅनेजरने त्याला खाली बोलावलं. "तोंड वर करून गिऱ्हाइकाकडं पैसे मागतोस? उचल तुझी वळकटी. आजपासून काम बंद."

त्याचा चेहरा उतरला. "मी कुटं मागितलं? ब्याड म्हटलं की साहेबांना."

मॅनेजर हसायलाच लागला. "साहेब, कानडीत ब्याड म्हणजे नको. तुमचा रुपया नको म्हणतोय तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय काही सुटेना. "मामा, नको का म्हणालात?" मी विचारलं.

"तुमचंच घड्याळ तुमाला दिलं. त्याचे पैसे कशाचे?"

काम राहिलं त्याचं. पण मॅनेजरने त्याला माझ्यासमोरच समज दिली, "टिप धरूनच हितला पगार ठरलाय, कळलं? देतील ते घेत जा. न घेणाऱ्याचाच लोकांना जास्त संशय येतो."

पुढच्या खेपेला त्याने सकाळी बादली ठेवली आणि तळहात पुढे करून उभा राहिला. नजर भिंतीकडे. मी रुपया ठेवला. मुठीत घेऊन तो गेला.

दार लागलं, आणि मी आधी उशीखाली हात घालून घड्याळ आहे ना ते पाहिलं.