दुपारी बारानंतरचं भोजनदान

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या आमच्या घरी दोन भंतेजी जेवायला आले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट... मी तेव्हा नववीत, कॉन्व्हेंटमध्ये.

एक भंते श्रीलंकेचे, दुसरे जपानचे. दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमासाठी आले होते आणि विहारातल्या मंडळींनी त्यांचं एक जेवण आमच्याकडे ठरवलं होतं. आईचं हे पहिलंच भोजनदान. पांढरी साडी नेसून ती सकाळपासून स्टोव्हपाशी होती... भात, वरण, भरली वांगी, आणि सुजातेने सिद्धार्थाला दिली होती म्हणून खीर.

आमच्याकडे पाहुण्याला जेवायला बोलवायचं म्हणजे दुपारी एक वाजता. आईने तीच वेळ कळवली. आम्ही नवे बौद्ध... त्रिशरण-पंचशील तोंडपाठ, पण भिक्खूंच्या जेवणाच्या वेळा कुणाला ठाऊक होत्या?

ताटं मांडली. जपानी भंते शांतपणे जेवू लागले. लंकेच्या भंतेंनी मात्र हसून हातानेच नको म्हटलं. आईने आग्रह केला... पुन्हा नको.

शेजारच्या यमुनामावशी दारातून बघत होत्या. "एवढं रांधलं वं बाई, आन् एक जण उपाशीच! मीठ जास्त पडलं का पाह्य."

आई हसली नाही. लहानपणी गावात तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नसे. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "विचार वं त्याईले... माह्या हातचं चालत नाही का?"

सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत हे कसं विचारायचं, मला सुचेना. शेवटी ती म्हणाली तसंच विचारलं.

भंतेंचा चेहराच उतरला. ते सावकाश सांगू लागले, मी मराठीत सांगत गेले. ते थेरवादी, जुन्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, वाटेने चालणारे. बुद्धांनी घालून दिलेला नियम म्हणून ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, कुणाच्याही घरी. जपानचे भंते महायानी... धम्म चीनमार्गे थंड मुलुखात गेला, तिथे भिक्खू शेतात राबू लागले आणि संध्याकाळचं जेवणही आलं. पण दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, त्यातून सुटण्याचा मार्ग आहे... हे दोघांचं एकच.

"दोघंबी बुद्धाचेच, मंग पोटं काहून येगळी?" यमुनामावशी म्हणाल्या. मी सांगितल्यावर जपानी भंते हातात घास धरूनच हसायला लागले.

मग लंकेच्या भंतेंनी आईकडे पाहिलं. फळाचा गाळलेला रस चालतो... तुमच्या हातचा मिळेल का?

आई जवळजवळ धावलीच. संत्री सोलली, पिळली, धुतलेल्या फडक्यातून रस दोनदा गाळला. ग्लास उजेडात धरून पाहिला, कुठे चोथा तर नाही ना.

तो त्यांच्यासमोर खाली ठेवायला ती वाकली... जुनी सवय. भंतेंनी दोन्ही हात पुढे केले. क्षणभर ती थांबली, मग तिने ग्लास त्यांच्या हातात दिला.

रस संपला आणि त्यांनी रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला. याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

पुढे कॉलेजात थेरवाद, महायान, वज्रयान वाचलं, दीक्षाभूमीवर सुरू झालेलं आपलं नवयानही समजून घेतलं. पण आजही धम्म म्हटलं की मला आई दिसते... पदराने डोळे पुसत दुसरा ग्लास भरायला निघालेली.