हिंगाच्या डबीतलं पिवळं बटण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्यात एका छापखान्यात उभी होते. आमच्या नव्या पत्रकाचं प्रूफ हातात होतं. विषय नेहमीचाच : गंडेदोरे, उतारे आणि त्यांच्या नावानं चालणारी फसवणूक. मामी एवढंच म्हणाली, "बाई, तुहे मामा गेले वं… मशीनले तेल देऊन राह्यले होते, आन् तसेच बसून राह्यले." प्रूफ तिथंच ठेवून मी धामणगाव बढ्याची बस धरली. बसमध्ये रडू आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी मामांना बोललेलं एक वाक्य मोताळा मागं पडेपर्यंत कानात वाजत राहिलं. ते मला परत घ्यायचं होतं. दोन वर्षं घेतलं नाही. मोर्चे, सभा, पत्रकं, सगळ्याला वेळ होता.

मामा शिंपीकाम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि मी महिनाभर तिथंच असायचो. आमच्याकडं मामा भाच्यांच्या पाया पडतो, भाच्यांनी मामाच्या नाही. गळ्यात टेप घातलेला तो उंच माणूस वाकला की आम्ही दोघी पाय पोटाशी घेऊन खाटेवर उड्या मारायचो. "अवं, उभ्या राहा ना! मले काय दिवसभर वाकूनच ठेवता काय?" मामा ओरडायचे. मामी आतून म्हणायची, "पोरींच्या पाया पडू पडू कंबर धरली, आन् नाव माह्या स्वयपाकाचं घेतात."

निघायच्या दिवशी मात्र मामा आपला हक्क वसूल करायचे. आमच्या अंगातल्या फ्रॉकचं एक बटण कात्रीनं कापून घ्यायचे आणि त्या जागी भलतंच, कुठल्यातरी शर्टाचं नाहीतर पायजम्याचं बटण लावून द्यायचे. खरं बटण पांढऱ्या कापडाच्या पट्टीला टाचायचं, पट्टीवर पेनानं नाव लिहायचं आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकायचं. "पुढच्या सुट्टीत या, बटन घेऊन जा." वर्षभर आम्ही तो विजोड फ्रॉक घालून फिरायचो. पुढच्या मे महिन्यात तोवर तोकडा झालेला तो फ्रॉक आठवणीनं पिशवीत भरायचा, मामा खरं बटण पुन्हा लावून द्यायचे, आणि त्या बटणाला पुढं कितीतरी दिवस हिंगाचा वास यायचा. माझं शेवटचं बटण पिवळं होतं, फुलाच्या आकाराचं. त्यानंतर मी सुट्टीला गेलेच नाही. आधी दहावी, मग कॉलेज, मग चळवळ… कारणं मला चांगली सुचतात, तो माझा कामाचाच भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी ताई, भाऊजी आणि त्यांच्या दोन पोरांचं कॅनडाला जायचं ठरलं. जाण्याआधीची ती शेवटची उन्हाळी सुट्टी ताईनं नातेवाइकांत वाटून टाकली. कुठं दोन दिवस, कुठं एक जेवण. मामांकडं चार दिवस, आणि मीही सोबत गेले. खरं सांगायचं तर त्या भेटींची मला चीड आली होती. ओटी भरता भरता बायका ताईला ऐकवत होत्या, "आता कशाची येतं तू!" जणू ती कोणाचं काही चोरून पळून चालली होती. नोकरीसाठी पोरगा गेला की पेढे वाटायचे आणि पोरगी गेली की तोंड पाडायचं, हा कुठला न्याय? मामा तसलं काही बोलले नाहीत. ते ताईच्या मुलीला, आठ वर्षांच्या इराला मशीनजवळ स्टुलावर बसवून विचारत होते, "तिकडं बर्फ किती पडते? गुडघ्याएवढं? मंग पायजमा आखूडच पायजे." इराचा थंडीचा नवा लाल कोट बाह्यांना लांब होता, तो मामांनी मापात करून दिला. कोटाच्या शिवणीवरून हात फिरवत म्हणाले, "काम चांगलं केलं हाये कोनीतरी." मला म्हणाले, "तुहं पिवळं बटन अजून हाये वं माह्यापाशी."

"फ्रॉक कुठाय आता, मामा?" मी म्हणाले. ते हसले.

निघायच्या सकाळी इरा कोट घालून, उन्हाची, घामाघूम होऊन सगळ्यांना दाखवत फिरत होती, आणि माझं लक्ष गेलं. कोटाच्या चार मोठ्या काळ्या बटणांपैकी एक जागेवर नव्हतं. तिथं पांढरं, चपटं, पायजम्याचं बटण. आदल्या आठवड्यात मी एका गावात गंडेदोऱ्यांवर बोलून आले होते. भाषण अजून जिभेवरच होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, हे माणसं बांधून ठेवायचे प्रकार आता बंद करा. बटण ठेवून घेतल्यानं कोणी परत येत नसतं. त्याला विमानाचं तिकीट लागतं."

ताईनं माझ्याकडं असं पाहिलं की आजही… असो. मामा म्हणाले, "हाव बाई. बरोबर हाये तुहं." त्यांनी कोट मागून घेतला, मशीनकडं तोंड केलं आणि पाठ आमच्याकडं ठेवून बराच वेळ टाके घालत बसले. एका बटणाला इतका वेळ कशाला, असंही माझ्या मनात आलं, हे लिहायला हवं. कोट परत आला तेव्हा चारही काळी बटणं जागेवर होती. मग मामा उठले आणि रिवाजाप्रमाणे आमच्या पाया पडले. आधी ताईच्या, मग माझ्या. मी त्या दिवशी पाय मागं घेतले नाहीत, आणि उडीही मारली नाही. उभी राहिले, दगडासारखी.

तेराव्याला लोक जेवून उठले आणि कुजबुज सुरू झाली, "कॅनडावाली आली नाही? सुट्टी नसंल भेटली!" मी तोंड उघडणार तोच मामीनं ताटं उचलता उचलता सुनावलं, "मीच म्हणलं तिले, नको येऊ. लेकरं टाकून येते का ती? तुमी इथल्या इथं राहून कितीदा आले होते वं, त्याइले भेटाले?" माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते बरं होतं.

सगळे पांगल्यावर मामीनं मशीनचा खण रिकामा करायला घेतला. हिंगाची डबी निघाली. उघडल्याबरोबर तोच वास. आत दोनच पट्ट्या उरल्या होत्या. एकीवर इराचं नाव, आणि तिला टाचलेलं मोठं काळं बटण. दुसरीवर माझं नाव. ती पट्टी रिकामी होती. फक्त सुईची छिद्रं.

मला काही कळेना. चारही बटणं मी माझ्या डोळ्यांनी मोजली होती. ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं कोट आणला आणि म्हणाली, "अगं, सगळी आहेत की जागेवर." तेवढ्यात मला महागड्या कोटांची एक गोष्ट आठवली. आतल्या बाजूला, धुण्याच्या सूचना लिहिलेल्या पट्टीवर एक जास्तीचं बटण शिवलेलं असतं. म्हटलं, "आत बघ." ताईनं कोट उलटा केला. दोन हिवाळे अंगात घालून कोणी तिथं पाहिलं नव्हतं. तिथलं जास्तीचं काळं बटण पुढं लागलं होतं, आणि त्या जागी फुलाच्या आकाराचं पिवळं बटण होतं.

ताई रडायला लागली. मामी फोनमध्ये डोकावून म्हणाली, "पाह्य, कसा मानूस होता! तोंडानं हाव म्हनायचा आन् हातानं आपलंच करायचा."

माझं ऐकलंही होतं आणि ऐकलंही नव्हतं त्यांनी. रागावले असते तर माझं बटण त्या कोटाला लावलं नसतं, एवढं मला कळलं. मी ताईला म्हणाले, काळं बटण पोस्टानं पाठवते. पुण्यात दहा वर्षं काढून, कॅनडात बसलेली माझी ताई म्हणाली, "काऊन वं? राहू दे ना तिथंच." मागून इराचा आवाज आला, "मावशी, डबी हरवू नकोस. मी येणार आहे घ्यायला."

बटण ठेवल्यानं माणूस परत येत नाही, हे मी उद्याच्या सभेतही सांगीन. निघताना मी मामांची कात्री घेतली आणि माझ्या कुर्त्याचं वरून दुसरं बटण कापलं. माझ्या रिकाम्या पट्टीला टाचलं, डबीत टाकलं. मामी ओरडली, "अवं, चांगलं बटन काऊन कापून राह्यली?"

"दिवाळीत येते न्यायला," मी म्हणाले.

मामीनं खणातून पायजम्याचं एक पांढरं बटण शोधून दिलं. सुईत दोरा मात्र मलाच ओवावा लागला.