आचाऱ्यासाठी घोडी पाहताना

"मी जाडा नाही जी, भरीव आहो," असं म्हणून तो पोटावर दोन थापा मारायचा आणि समोरचा हसेपर्यंत थांबायचा. समोरचा हसलाच नाही तर तिसरी थाप बसायची.

सानगडीच्या आसपास कुठेही लग्न असलं की आचारी तोच. वांग्या-आलूची भाजी त्यानंच करावी. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. तो मला डॉक्टरसाहेब म्हणायचा. मी डॉक्टर नाही, हे त्याला सांगून सांगून मी थकलो आणि शेवटी डॉक्टर झालो.

एका सकाळी तो दवाखान्यात येऊन बाकावर टेकला. बाक कुरकुरला.

"डॉक्टरसाहेब, मले एक घोडं पाहून द्या."

"कायले?"

"बसाले."

मी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं पाहणं बरं नाही हे मला कळतं, पण माझी नजर पडली जनावरांची. मी म्हटलं, "बाबा, मी गायी-म्हशींचा माणूस. घोड्यातलं मला थोडंच कळतं."

"चार पाय त चारच ना जी!"

मग त्यानं कारण सांगितलं. त्याची सासुरवाडी अड्याळची. लग्नाच्या दिवशी वरात निघायच्या वेळी घोडीवाल्यानं नवरदेवाला पाहिलं, घोडीला पाहिलं, आणि सगळ्यांसमोर हात जोडले. नवरदेव मांडवापर्यंत पायी गेला. "सासू दारात आरती घेऊन उभी होती जी. मान वर करून, घोड्यावरचा जवाई पाहाले. अन् मी खाली, बँडवाल्याच्या मागं." आळी हसली. सासू सैपाकघरात जाऊन रडली, हे त्याला बायकोकडून नंतर कळलं. "आता तिचे डोळे जाऊन राहिले. त्याच्या आत मले तिच्या दारात घोड्यावर जाचं आहे." एवढं बोलून तो थाप मारायला विसरला, म्हणून मी हो म्हटलं.

पहिलं घोडं पाहायला आम्ही शहापूरला गेलो. महामार्गावरच्या एका ढाबेवाल्यानं गिऱ्हाइकांना फोटो काढता यावेत म्हणून ते पाळलं होतं. पांढरंशुभ्र, उंच, काटक. आमचा आचारी त्याच्या प्रेमातच पडला. खुर्चीवर उभा राहून त्यानं पाय टाकला, तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आणि घोडं बाजूला सरकलं. तो हवेवर बसला. हवेला काही त्याचा भार पेलवला नाही.

परतताना मी त्याला समजावलं की पहिलं घोडं उंच नको, रुंद हवं. पाठ आखूड, पायांच्या नळ्या जाड, वय अर्धं उलटलेलं, आणि डोकं थंड. रंगाचं काय करायचंय? तो म्हणाला, "म्हणजे माह्या बायकोसारखं." हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

अशी घोडी शेवटी गावाजवळच मिळाली. तांबडी, पाटासारख्या पाठीची. मालकाला ती नकोशी झाली होती, कारण डीजे लागला तरी ती नाचत नसे. वरातीत उभी राहून डुलक्या घ्यायची. आचाऱ्यानं तिची परीक्षा त्याच्या पद्धतीनं घेतली. सोबत आणलेली जिलबीची परात त्यानं तिच्या कानाशी फरशीवर आपटली. मी दचकलो, मालक दचकला. घोडीनं एक कान हलवला आणि परातीत काही आहे का ते पाहिलं.

"जमली!" तो म्हणाला, आणि सोयरीक जमल्यासारखी मला मिठी मारली. बरगड्या दोन दिवस दुखत होत्या.

आता चूक माझी की त्याची, ते तुम्ही ठरवा. मी त्याला सांगितलं होतं की स्वाराचं वजन घोड्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. त्यानं विचार केला. "मंग घोडीच वाढवू ना जी!" आणि तो तिला लग्नातली उरलेली बुंदी चारू लागला. आठवडा संपायच्या आत घोडीचं पोट दुखायला लागलं. मी सुई दिली, आणि तिला बसू न देता तलावाच्या पाळीवर फिरवायला सांगितलं. तो तिची दोरी धरून फिरत होता आणि ढसाढसा रडत होता. "माह्या हातचं खाऊन आजवर कोणी आजारी नाही पडलं जी!" घोडीनं शेवटी लीद टाकली तेव्हा तो तिच्या पाया पडला.

त्यानंतर दोघं रोज सकाळी पाळीवर चालू लागले. मासे धरणारे धीवर जाळं सोडून बघत बसायचे. घोडीचं पोट ओसरलं, याचा सदराही सैल झाला. मग मारुतीच्या देवळाच्या ओट्यावरून तो चढायला शिकला. ओट्यावरून चढायचं, फेरी मारायची, ओट्यावरच उतरायचं.

अड्याळला घोडी टेम्पोतून नेली. मीही गेलो. त्याची बायको पुढे जाऊन आईला दारात घेऊन उभी राहिली. गावाबाहेर टेम्पोच्या फाळक्यावरून तो अलगद घोडीवर बसला. फेटा बांधलेला, घाम फुटलेला. आळीत एक बकरी आडवी आली, फटफटी गेली, पण घोडीला त्याचं काहीच नव्हतं. ती सासूच्या दारात जाऊन उभी राहिली.

आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. टेम्पो आळीत शिरत नव्हता. दाराची पायरी वीतभर उंच. जमिनीवर उतरायचं तो शिकलाच नव्हता. त्यानं एक पाय काढला, परत घातला, दुसरा काढला.

"डॉक्टरसाहेब, उतरू कसा जी?"

मी खांदा पुढे केला. त्यानं खांद्याकडे पाहिलं. "नोको जी. तुमची लेकरं लहान आहेत."

आळी हसायला लागली. तो पुन्हा पाय काढू लागला. म्हातारीनं आरतीचं ताट लेकीच्या हातात दिलं, कपाळावर हाताचा आडोसा धरला आणि मान जमेल तेवढी मागे टाकली.

"उतरू नोका जी, जवाईबुवा," ती म्हणाली. "पाहू द्या मले."

त्यानं रिकिबीत पाय परत घातला, पोट आत ओढलं आणि ताठ बसून राहिला. म्हातारी पाहत राहिली.