मोशर-टोन्समधला शेवटचा खर्ज

बोटीवर मिस्टर एल्सवर्थना ‘गिळा’ असं कोण सांगणार?

मंगळवारी सकाळपासून ओडेसा प्रूइटच्या डोक्यात हा एकच प्रश्न घोळत होता. एल्सवर्थ टिब्ज घास तोंडात घेतात, चावतात, गालात सरकवतात आणि तिथेच विसरून जातात. शेजारी बसून गळ्याला बोट लावून ‘गिळा’ म्हटलं तरच गिळतात. मागच्या महिन्यात नव्या कोटाचं माप द्यायला आले तेव्हा तिने त्यांना केकचा तुकडा दिला होता. अर्ध्या तासाने पाहते तर गाल फुगलेलाच. आता शनिवारी बाल्टिमोरच्या धक्क्यावरून बोट सुटणार. अकरा दिवस समुद्रावर, रोज संध्याकाळी ‘मोशर-टोन्स’ या त्यांच्या गायकमंडळाचा खेळ. आणि म्हाताऱ्यासोबत कोण? एक क्लीव्ह गॅम्ब्रिल, ज्याला स्वतःच्या केसांच्या कलपापलीकडे काही दिसत नाही. आणि दुसरा तिचा स्वतःचा मुलगा, मार्सेल.

मार्सेलचं नाव मनात आलं तरी रविवारपासून तिला किळस यायची. पोटच्या पोराबद्दल असं वाटावं याची तिला लाज वाटत होती, पण वाटायचं ते थांबत नव्हतं.

एल्सवर्थ टिब्ज त्र्याऐंशी वर्षांचे. मोशर स्ट्रीटवरच जन्मले आणि तिथेच वाढले. बाराव्या वर्षी आवाज फुटला तो थेट खर्जात जाऊन बसला. घरात त्यांनी ‘मीठ दे’ म्हटलं की सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची भांडी थरथरतात, असं त्यांची आई सांगायची. ते धरून गल्लीतली पाच पोरं शाळेच्या जिन्याखाली उभी राहून गायची, कारण तिथे आवाज घुमायचा. गल्लीचंच नाव त्यांनी स्वतःला लावून घेतलं. एकसष्ट साली त्यांची एक तबकडी निघाली आणि गाजली. गाणं साधंच होतं: रुसलेल्या बाईच्या दारात एक माणूस थंडीत उभा आहे आणि आत घे म्हणून विनवतो आहे. मध्येच सगळे आवाज थांबतात आणि एल्सवर्थ नुसतं बोलतात, “दार नको उघडूस, राणी. खिडकी तरी उघड.”

त्या एका वाक्यावर या माणसाचं आयुष्य गेलं. बसमधून बायका ओरडायच्या, “एल्सवर्थ, खिडकी उघडीच आहे हो!” त्यांची बायको ल्युसिंडा पायरी घासता घासता वर न बघता उत्तर द्यायची, “खिडकीखाली मी बादली घेऊन बसलेय, सांगून ठेवते!”

दुसरं गाणं काही चाललं नाही. पण रिदम अँड ब्लूज संगीतावर जीव टाकणारी माणसं एक गाणंही विसरत नाहीत. सोमवार ते शुक्रवार स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात घाम गाळायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच जणांनी एका गाडीत बसून निघायचं. दक्षिणेत तेव्हा काळ्या माणसांना हॉटेलात खोली मिळत नसे. गाडीतच झोपायचं, विजारींची घडी मोडू नये म्हणून त्या खिडकीला टांगायच्या आणि चड्डी-बनियनवर बसून राहायचं. एल्सवर्थ हे सांगायला लागले की चर्चच्या तळघरात जेवणारी सगळी पंगत हसून लोळायची.

मग एकेक जण गेला. कुणी दारूने, कुणी साखरेने, कुणी नुसताच थकून. त्यांच्या जागी दुसरे आले. साठ वर्षांत तेवीस गायक झाले. प्रत्येकाला एल्सवर्थनी आपल्या न्हाणीघरात उभं करून शिकवलं. कागद नाही, पेटी नाही. “या फरशांपुढे लबाडी चालत नाही,” म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम होता: गायक मेला की त्याचा स्टेजवरचा कोट त्याच्यासोबत शवपेटीत जायचा. नवीन माणसाला नवीन कोट. एकदा कुणीतरी खर्च वाचवायला जुना कोट पुढे केला तर एल्सवर्थ त्याच्या अंगावर धावून गेले होते, “मेलेल्याचा कोट घालून सूर लावशील? लाज आहे का काही?”

सात वर्षांपूर्वी त्यांनी मार्सेलला चर्चमध्ये ऐकलं. तेव्हा तो घरोघर पार्सलं टाकत होता. “ओडी, तुझ्या पोराच्या आवाजात मध आहे,” ते तिला म्हणाले. “पण कणा नाही. दे माझ्याकडे.” सहा महिने रोज संध्याकाळी मार्सेल त्या न्हाणीघरात उभा राहिला. एल्सवर्थ त्याच्या पाठीवर हाताने ठेका धरत आणि मार्सेल पाठ लाल करून घरी येई, पण खुशीत असे. ओडेसा शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्त झाल्यावर मोशर-टोन्सचे कोट तीच शिवायला लागली. पैशासाठी नाही, अभिमानापोटी.

विसरणं सुरू झालं ते ल्युसिंडा गेल्यावर. आधी चाव्या, मग दिवस, मग माणसं. त्यांची मुलगी रोवीना अटलांटाला परिचारिका आहे. लहानपणी ती आणि ओडेसा चर्चमध्ये एकाच ओळीत गायच्या. रोवीना न्यायला आली होती, पण तेव्हा एल्सवर्थ पुरते शुद्धीवर होते. “मला स्टेजवरून उतरवलंस तर मी मरेन,” म्हणाले. तेव्हा क्लीव्ह पुढे झाला. हा एकोणऐंशी साली आलेला, आता मुख्य गायक आणि मालक, दोन्ही तोच. “रोवीना, माझ्या घरी ठेवतो. बापासारखे आहेत मला.” चर्चमध्ये सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. ओडेसानेही केलं.

या वसंतात क्लीव्ह एल्सवर्थचा स्टेजवरचा कोट घेऊन आला. चर्चमधल्या बायकांना तो ‘सिस्टर’च म्हणायचा.

“सिस्टर प्रूइट, पाठीत आतून दोन पट्ट्या लावा. मूठ मावेल अशा. मागच्या चिरेतून हात आत गेला पाहिजे.”

“कशाला?”

“तोल जातो हो त्यांचा. पडले तर धरायला नको?”

तिला ते पटलं. तिने दुहेरी कापड घेतलं, चार वेळा टीप मारली, स्वतः मूठ घालून ओढून पाहिलं. त्या दिवशी तिला बरं काम केल्यासारखं वाटलं होतं. आता ते आठवून ती स्वतःचे हात पुन्हा पुन्हा धूत होती.

कारण रविवारी तिने खेळ पाहिला. दुपारी तीनचा, शहराबाहेरच्या एका सभागृहातला. माणसं चर्चमधून थेट बसने आलेली, डोक्यावर टोप्या, मांडीवर पर्स. ओडेसा नेहमी पुढे बसते, पण पोचायला उशीर झाला आणि अगदी कडेची खुर्ची मिळाली. तिथून गायकांच्या पाठी दिसत होत्या.

पाच मोरपंखी कोट. मधोमध एल्सवर्थ, शेजारी मार्सेल. मार्सेलचा डावा हात मनगटापर्यंत म्हाताऱ्याच्या कोटात. पावलं डावीकडे पडली की मूठ डावीकडे, उजवीकडे पडली की उजवीकडे. समोरून बघणाऱ्याला वाटावं, काय जोम आहे या वयात! ओठ मिटलेले होते, पण कर्ण्यातून खर्ज घुमत होता. एकसष्ट सालचा, टेपवरचा.

मग ते ठिकाण आलं. सगळे थांबले. कर्ण्यातून आवाज आला, “दार नको उघडूस, राणी...”

एल्सवर्थ दचकले. त्यांनी डावीकडे पाहिलं, वर पाहिलं. मग हळूहळू मागे वळायला लागले, कोण बोलतंय ते शोधायला. पूर्ण पाठ फिरवून उभे राहिले. डोळे भांबावलेले. तेवढ्यात मार्सेलची मूठ कोटात पिळली गेली, आणि म्हातारा बरणीच्या झाकणासारखा गरकन पुढे फिरला. मार्सेलचे दात तसेच, हसरे.

सभागृह कोसळलं हसून. ओडेसाच्या शेजारची बाई मांडीवर थापा मारत म्हणाली, “ऐंशी ओलांडली तरी चाळे जात नाहीत याचे!”

ओडेसा उठून स्टेजमागे गेली.

खोलीत मुताचा आणि अत्तराचा एकत्र वास. एल्सवर्थ खुर्चीत, विजार गुडघ्यापर्यंत ओली, वरून कुणीतरी अत्तर फवारलेलं. टेबलासमोर चाहत्यांची रांग. क्लीव्हने म्हाताऱ्याच्या बोटांत पेन कोंबून, आपल्या मुठीत त्यांचा हात धरून फोटोंवर सह्या चालवल्या होत्या.

“आधी त्यांची विजार बदला,” ओडेसा म्हणाली.

“रांग बघा, सिस्टर. आधी सह्या, मग विजार.”

कोपऱ्यात मार्सेल आणि बाकीचे दोघे खेकड्याची कटलेटं खात होते. मार्सेल त्यांना रंगवून सांगत होता, “अरे, म्हातारा काय म्हणाला ऐका! मी फिरवला ना, तर कानात विचारतो, ‘तो कोण रे? छान गातोय. ठेवून घ्या त्याला.’ स्वतःलाच नोकरी देतोय!”

क्लीव्हसकट चौघेही हसले. एकाच्या तोंडातलं कटलेट बाहेर उडालं. ओडेसा त्या उडालेल्या तुकड्याकडे पाहत राहिली. या पोराला आपण नऊ महिने पोटात वाढवलं, हा विचार तिला त्या क्षणी नकोसा झाला.

तिने क्लीव्हच्या हातातून म्हाताऱ्याचा हात सोडवला आणि त्यांना न्हाणीघरात नेलं. कोट काढला, सदरा काढला. दोन्ही बगलांखाली निळे-हिरवे वळ होते, काही जुने, काही ताजे. ती पुसत असताना एल्सवर्थ भिंतीच्या फरशांकडे तोंड करून हलकेच गुणगुणायला लागले. स्वतःचा खर्ज, स्वतःच्या जागी, एक कणही ढळलेला नाही. मग अदबीने म्हणाले, “आभारी आहे, बाई. तुम्ही कुणाच्या?”

परतताना अर्ध्या रस्त्यात तिने गाडीत विषय काढला.

“त्यांच्या अंगावर वळ आहेत, मार्सेल.”

“ममा, नाहीतर ते प्रेक्षकांकडे पाठ करूनच उभे राहतात. मी काय करू?”

“घरी राहू दे त्यांना.”

“घरी? बऱ्याच राज्यांत कायदाच आहे. मूळ तबकडीवर गायलेला एक तरी माणूस स्टेजवर हवा, नाहीतर ते नाव लावता येत नाही. बोटवाल्यांच्या करारातही तेच. ते नाहीत तर आम्ही कोण? लग्नात गाणारे चार भाडोत्री!”

“मग लग्नात गा.”

“बोलायला सोपं आहे. पोरगी दोन वर्षांची आहे माझी.” मग तो जरा थांबून म्हणाला, “आणि त्या पट्ट्या कुणी शिवल्या, ममा? मी?”

घर जवळ आल्यावर त्याचा सूर मऊ झाला.

“हे बघ, रोवीनाला काही सांगू नकोस हं. ती लगेच येऊन घेऊन जाईल त्यांना.”

“म्हणजे तुला ठाऊक आहे,” ओडेसा म्हणाली. “तिला कळलं तर ती एक दिवसही ठेवणार नाही, हे तुला नीट ठाऊक आहे. आणि तरीही.”

मार्सेलने रेडिओ मोठा केला.

रविवार गेला, सोमवार गेला. फोन करायला ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. रोवीनाला सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? तुझ्या बापाला माझा मुलगा मुठीत धरून फिरवतो? त्यासाठी लागणारं सामान मी पुरवलं, चार टिपा मारून? मार्सेलचं काम जाईल. तो पुन्हा पार्सलं टाकेल. नात दाराशी येणार नाही. तिची सून डेझरे मुळातच कमी बोलते, ती तर बोलणंच टाकेल. ओडेसा स्वतःलाच समजावू पाही, की बोटीवर डॉक्टर असतो. अकराच दिवस आहेत. त्यांना स्टेजच आवडतं, त्यांनीच सांगितलं होतं. अशी कारणं ती एकामागून एक काढत राहिली आणि प्रत्येक कारणाला क्लीव्हच्या अत्तराचा वास येत राहिला.

मंगळवारी पाचच्या सुमारास कोबी शिजत घातला असताना तिने फोन उघडला. क्लीव्हने रविवारच्या खेळाच्या चित्रफितीचा तुकडा टाकला होता. नेमका तोच. एल्सवर्थ मागे वळतात, गरकन फिरतात, लोक हसतात. खाली लिहिलेलं, ‘आमचा खट्याळ तरुण!’ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. ओडेसाने तुकडा पुन्हा लावला. समोरून पाहिलं तर हात दिसतच नव्हता. एक गमत्या म्हातारा फक्त दिसत होता.

तिने खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. चौथी रोवीनाची होती. ‘पप्पा अजून तसेच! देवाची कृपा. क्लीव्ह, तुझे किती आभार मानू?’

ओडेसा खुर्चीत बसली. बाप भेदरून कुणाला तरी शोधतो आहे, आणि त्याचं भेदरणं बघून मुलगी आभार मानते आहे. तिला आता किळस आली नाही, नुसता संताप आला, स्वच्छ आणि थंड. आपण गप्प बसून रोवीनाकडून हे आभार वदवून घेतो आहोत, एवढंच तिला दिसत होतं.

क्लीव्हशी बोलण्यात अर्थ नव्हता. तो गोड बोलून शनिवारपर्यंत वेळ काढेल. मार्सेलला आधी सांगितलं तर तो रडेल, आणि पोर रडलं की ती विरघळते, हे ती एकतीस वर्षं बघत आली होती. त्याला नंतर सांगायचं. त्याने तोंड फिरवलं तर फिरवू दे.

रोवीनाची पाळी पाच वाजता सुटते. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. उद्या निघाली तरी ती गुरुवारपर्यंत गाडीने पोचू शकते, शनिवारला एक दिवस राखून.

ओडेसाने कोबीखालची आच बंद केली, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि रोवीनाचा नंबर लावला.