कूलर बंद, गाणं चालू

सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत मे महिन्यात देवापेक्षा कूलरला मान जास्त. पत्र्याचा, खिडकीएवढा, आणि घरघर अशी की शेजारचं भांडणसुद्धा नीट ऐकता येऊ नये. त्या कूलरशी माझं वैर जडलं, कारण मला घरी गाणं रेकॉर्ड करायचं होतं.

लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने सांगितलं होतं, स्वतःची चाल लावलेलं एक गाणं कॅसेटवर आण, मग बघू. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी मॅट्रिकला दोनदा आपटलेलो. कॅसेट जमली तर ऑर्केस्ट्रा, नाही तर गांधीबागेच्या कापडबाजारात बाबांच्या शेजारी गज घेऊन उभं राहायचं. बाबा तिथल्या एका दुकानात आयुष्यभर कापड मोजत होते. मला सापापेक्षा गजाची भीती जास्त.

गाणं मी समुद्रावर लिहिलं होतं. पाण्याचा माझा अनुभव सक्करदऱ्याच्या तलावापुरता, तोही म्हशींसोबत. पण तलावावर कोण गाणं लिहितं? टेपरेकॉर्डर जरीपटक्याच्या बाजारातून जुनाच विकत आणलेला, माईक त्याच्या पोटातच. सकाळी नळावर भांडणं, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. गल्ली गप्प असायची ती फक्त भर दुपारी. म्हणून एका रविवारी दुपारी मी दोरीवर दोन रजया टाकून स्टुडिओ उभा केला. मध्ये कपड्यांची लांब लोखंडी पेटी. तिचं एक टोक रजयांच्या आत, त्यावर टेप आणि समोर मी. दुसरं टोक बाहेर, त्यावर बनियनमध्ये, हातातल्या घड्याळावर नजर लावून बाबा.

"उन्हानं लोकं मरून राहिले अन् याले गाणं सुचून राहिलं," ते म्हणाले.

"चार मिनिटं तर मांगते तो," आई म्हणाली. "बसा ना चुपचाप."

"चारच. पाचवं लागलं का कूलर सुरू. मंग याचा समुद्र गेला खड्ड्यात."

आईने कूलर बंद केला. रजयांच्या आत घामाने डोळे चुरचुरत होते, म्हणून मी ते मिटले आणि जीव तोडून गायलो. शेवटची ओळ संपते न संपते तोच कूलर घरघरला.

नंतर टेप ऐकला तर गाण्यामागे बारीक धप, धप येत होतं. मला वाटलं, हे माझं काळीज. इतकं मनापासून गायलो की मशीनने काळीजही पकडलं. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

मालकाने कॅसेट मोठ्या स्पीकरवर लावली. थोड्या वेळाने विचारलं, "मागं ठेका कोणाचा आहे?"

"ठेका नाही जी, काळीज आहे माझं."

त्याने मागे फिरवून पुन्हा लावली. "तुझं काळीज दादऱ्यात धडकते काय गा?"

आता मलाही ऐकू आलं. पेटीच्या पत्र्यावर बोटं पडत होती, सहा-सहा मात्रांत, एकही मात्रा न चुकता.

"आवाज कच्चा आहे तुझा," मालक म्हणाला. "ठेका पक्का आहे. त्या ठेकेवाल्याले पाठव."

मालकाचा राग आला, आणि बाबांचा त्याहून जास्त. महिनाभर माझ्या गाण्याला बोंबलणं म्हणणारा माणूस घामाने निथळत, चोरून साथ करत होता. घरी येताना सायकलवर मला रडू आलं, आणि ते ऑर्केस्ट्रा हुकला म्हणून नव्हतं.

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हणे. मागं ठेका कोणाचा, विचारत होते."

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. "मंग तू काय सांगितलं?"

"माझं काळीज आहे म्हणलो."



ऑर्केस्ट्रात मी कधीच गेलो नाही, आणि बाबाही गेले नाहीत. मी पुढे गजच धरला आणि त्याने चावाही घेतला नाही. पण गज धरण्याआधीच्या एका रविवारचं सांगायचं राहिलं. भर दुपारी कूलर अचानक थांबला. लाइन गेली असेल म्हणून मी बाहेरच्या खोलीत आलो, तर दोरीवर रजया टाकलेल्या होत्या आणि बाबा पेटीवर बसले होते. घड्याळ काढून फळीवर ठेवलेलं.

"बोंबल आता," ते म्हणाले. "अन् मागच्या बारीले दुसऱ्या कडव्यात तू पुढं पळाला होता. या बारीले माझ्यासंग राह्य."