लिंबाजीरावांची दोन पानं

"हे वाचून दाखवा," नायब तहसीलदार साहेब म्हणाले आणि टाइप केलेली दोन पानं माझ्यापुढं टाकली.

मला वाचता आली नाहीत. कुणालाच आली नसती. अक्षरं इंग्रजी होती, पण शब्द एकही इंग्रजी नव्हता. मध्येच कॅपिटल, मध्येच स्वल्पविराम. आणि खाली साहेबांची स्वतःची सही. पानं परभणीच्या वरच्या ऑफिसात जाऊन खरमरीत शेरा घेऊन परत आली होती. आमचं हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता.

"टायपिस्ट म्हणतो, मशीन बिघडलीय. सर्व्हिसिंग तुम्ही केलंत. म्हणजे एक तर तुमचं काम खराब, नाहीतर तो पिऊन बसला होता. कोणतं ते लेखी द्या."

मी टाइपरायटरचा मिस्त्री. शाळा सातवीपर्यंत. परभणीत एका मिस्त्रीची पेटी उचलत कामं बघितली आणि बघून शिकलो. तालुक्यातल्या ऑफिसांचा वर्षाचा ठेका भांडून, घासाघीस करून मिळवला होता. तो त्याच आठवड्यात पुन्हा लिहिला जायचा होता. माझ्या कामाला कुणी खराब म्हटलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं.

मी तडक लिंबाजीरावांच्या टेबलापाशी गेलो. मराठी टायपिंग त्यांच्याकडं. वय पंचावन्न, पेन्शनला तीन वर्षं उरलेली. बोटं अशी, की सगळं ऑफिस त्यांचं कौतुक करायचं. मशीनकडं बघायचे नाहीत, कागदाकडं बघायचे नाहीत. कच्चा मसुदा घेऊन कुणी आलं की म्हणायचे, "तुमी वाचा, मी मारतो." समोरचा वाचत जायचा, हे खिडकीकडं तोंड करून मारत जायचे. लोक म्हणत, केवढा हा रुबाब.

"काय हो, माझी मशीन खराब काहून म्हणून राहिले?" मी म्हणालो.

"तुमची कुठली? सरकारची हाय. मागल्या सोमवारी तुमी ठेवून गेल्ते, तवापासून मात्रा मारली की मशीन पुढं सरकून राहिली व्हती. मंगळवारी बी तेच. बुधवारी आपोआप नीट झाली."

"मशीन आपोआप बिघडती, आपोआप नीट होत न्हाई."

"मंग तुमीच सांगा. मिस्त्री तुमी हाव का मी?"

इथं थोडं समजावून सांगतो. मराठी मशीनवर मात्रेची कळ दाबली तर कागद जागचा हलत नाही, कारण मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसवायची असते. अशी कळ मशीनमध्ये मुद्दाम मुकी केलेली असते. ती सरकायला लागली तर आतला दात झिजला असं समजायचं. मी झाकण काढलं. दात नवा कोरा. पन्नास वेळा मात्रा मारली, एकदाही सरकली नाही.

मग शेजारची इंग्रजी मशीन बघितली. पानांवरची छपाई तिचीच होती, छोट्या ईचं पोट शाईनं भरलेलं दिसत होतं. कधी कधी खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, चुकीच्या दांड्यांवर जोडले जातात, मग दाबावं एक आणि उमटतं दुसरं. तसंही काही नव्हतं. ए दाबला तर ए, बी दाबला तर बी.

दोन्ही मशीन ठणठणीत. तसं लिहून ठेका पदरात पाडून घेता आला असता. पण लिंबाजीरावांचं ते मात्रेचं बोलणं डोक्यातून जाईना. मात्रेच्या जागेची कळ कोणत्या मशीनवर सरकते? इंग्रजी मशीनवर. तिथं त्याच जागी साधा एस असतो.

मी पान पुन्हा उचललं. एक शब्द तीन ठिकाणी तसाच्या तसा होता: एल, जे, डी, के, जे, एच. दोन्ही मशीन एकाच कंपनीच्या, मापाला सारख्या, फरक फक्त खिळ्यांवरच्या अक्षरांचा. मराठी मशीनवर कोरा कागद चढवला आणि त्याच सहा जागा एकेक करून दाबल्या.

स. र. क. काना. र. वेलांटी.

सरकारी.

पुढच्या कळा दाबत गेलो. "सरकारी पड जमिनीवरील..." सेनगावकडच्या एका तलाठ्याचा पंचनामा होता तो. अर्ध्या तासात पहिलं पान उलगडलं. एवढ्या मोठ्या पानात एक चूक नव्हती, एक वेलांटी इकडची तिकडं नव्हती.

मी कागद नाचवत साहेबांच्या खोलीत शिरलो. मागोमाग लिंबाजीराव आले.

"साहेब, हे मराठी आहे! इंग्रजी मशीनवर मराठी बोटं चाललीत. मशीन बराबर, माणूस शुद्धीत. एक अक्षर चुकलेलं नाही."

साहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. बराच वेळ बघितलं. मग मान वर न करता विचारलं, "लिंबाजीराव, समोर काय उमटतंय ते तुम्हाला दोन दिवस दिसलं नाही?"

लिंबाजीराव साहेबांकडं बघत होते, म्हणजे साहेबांच्या खुर्चीच्या जरा डाव्या बाजूला बघत होते. तेव्हा मला कळलं. तो रुबाब नव्हता. तुमी वाचा, मी मारतो, असं म्हणून त्या माणसानं किती वर्षं काढली कोण जाणे.

"उजेड कमी व्हता साहेब," ते म्हणाले.

मला त्याच क्षणी आणखी एक गोष्ट आठवली. त्या सोमवारी हेडक्लार्कशी दरावरून माझी जुंपली होती. तोंडानं भांडत भांडत मी दोन्ही मशीन उचलून ठेवल्या त्या अदलाबदल करून: मराठी इंग्रजीच्या टेबलावर, इंग्रजी लिंबाजीरावांच्या. इंग्रजी टायपिस्ट रजेवर होता. तो बुधवारी लिंबाजीरावांच्या आधी येऊन, दोन्ही मशीन आपापल्या टेबलावर ओढून गप्प कामाला लागला असणार. हे मी साहेबांना तिथंच सांगायला हवं होतं. ठेक्याचा कागद सहीसाठी त्यांच्या टेबलावर होता. मी गप्प राहिलो.

साहेबांनी टिपण लिहिलं. टायपिस्टची दृष्टी कामास योग्य नसल्याचं मिस्त्रींनी निदर्शनास आणून दिलं, असं. माझं नाव घालून. आठ दिवसांनी मी पुन्हा जाऊन मशीनच्या अदलाबदलीचं सांगितलं, तर म्हणाले, "ते राहू द्या आता." लिंबाजीरावांची डोळ्यांची तपासणी झाली आणि नोकरी गेली. गावात सगळे म्हणाले, मिस्त्रीनं चुगली केली.

माझं दुखणं आजही एकच आहे. त्या पानांवर साहेबांनीही सही केली होती. त्यांचे डोळे शाबूत होते. त्यांना कुणी तपासणीला पाठवलं नाही. पुढं बढतीवर गेले.

लिंबाजीराव जाताना टेबलावरचं सामान पिशवीत भरत होते. मी मदतीला गेलो. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"मिस्त्री, दुसरं पान बी उलगडलं का?"

"व्हय."

"त्यात तरी काही चुकलं व्हतं?"

"न्हाई. एक बी न्हाई."

त्यांनी मान डोलावली आणि भिंतीला हात लावत दाराकडं गेले.

तेव्हापासून मशीन टेबलावर ठेवली की मी टायपिस्टला बसवून एक ओळ मारायला लावतो. ती स्वतः वाचतो. दराचं भांडण त्यानंतर.