आत्याचा चष्मा आणि मी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून, इतकं कमी दिसत असताना इतक्या जणींना बाद करून सुखरूप परतलेली बाई माझ्या धाकट्या आत्याशिवाय दुसरी नसेल. तिच्या चष्म्याचा नंबर साडेपाच, आणि चष्मा लावून कबड्डी खेळता येत नाही. लेन्स तिने एकदा घालून पाहिल्या. पहिल्याच पकडीत एक लेन्स धसईच्या मातीत गेली आणि दुसरी तिने रागाने स्वतःच काढून फेकली. तेव्हापासून सामन्याआधी ती चष्मा माझ्या हातात द्यायची आणि समोरच्या सात धूसर डागांवर चालून जायची. चष्मा सांभाळणं हे संघातलं माझं काम. मला खेळता येत नाही, बाकीच्या मुलींसारखं रेषेबाहेरून ओरडताही येत नाही, पण काच मी चांगली पुसते.

दिसत नाही म्हणून ती आवाजावर खेळायची. "डावीकडची झेप घ्यायच्या आधी श्वास ओढते गो, तेवढ्यात निघायचं," असं ती भाजी निवडताना सांगते. मैदान तिच्या अंगातून कधी उतरत नाही. भातसानगरच्या शाळेत ती खेळ शिकवते. एकदा मुख्याध्यापकांच्या खोलीतून ती त्यांच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी बाहेर पडली आणि चहा घेऊन येणाऱ्या शिपाईमामांवर आदळली. "समोरच्याला पाठ दाखवायची नाय," एवढंच तिचं स्पष्टीकरण. टोकावड्याला अंतिम सामना जिंकल्यावर तर तिने धावत जाऊन हरलेल्या संघाच्या कर्णधारालाच मिठी मारली. मी नंतर सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला कळलं होतं गो. पण ती रडायला लागली, मग कशी सोडणार?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिला बाजूची पांढरी रेषा दिसली नाही आणि पाय दोनदा बाहेर पडला. संघात नाव आलं नाही. तिचं वय तिशीला टेकलेलं, म्हणजे आणखी एखादीच संधी. त्या रात्री ती जेवली आणि ताटावरून उठताना म्हणाली, "लेझर करायचं."

कल्याणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला सोबत नेताना तिने बसमध्येच बजावलं, "तिथं कबड्डीचं नाव काढायचं नाय. ती गुडघ्याची डॉक्टरीण आठवते ना? पयलं वाक्य काय, तर खेळ सोडा." मी मान हलवली. मला बोलायला लागणार नाही याचं बरंच वाटलं.

तपासणीलाही ती चढाईला जावं तशीच गेली. आधी नंबर काढला. तो दोन वर्षांत बदललेला नव्हता, हे ऐकून तिने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग यंत्रावर हनुवटी टेकवून बुबुळाची जाडी मोजली. नंतर डोळ्यात पुरेसं पाणी आहे का ते पाहायला खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. पट्टी लोंबत असतानाच आत्या म्हणाली, "मॅडम, आमी धरणावरचे. अख्ख्या मुंबईला पाणी आमी पुरवतो. माझ्या डोळ्याला कमी पडेल व्हय?" डॉक्टर तरुण होत्या. त्या हसल्या, पण पट्टी पुरती भिजेपर्यंत थांबल्या.

मग त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला मार लागेल असं काही काम, काही खेळ?"

"नाय. घरातच असते मी."

"भुवईवर ही खूण?"

"दार लागलं."

"आणि या बोटाला पट्टी?"

"तेच दार."

डॉक्टर यंत्रातले आकडे बघायला वळल्या. "जाडी चांगली आहे. मग नेहमीची पद्धत करू. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेझर मारायचा आणि तो परत बसवायचा. फक्त पुढे कधी जोरात फटका बसला तर तो सरकू शकतो, म्हणून विचारलं."

आत्या भिंतीकडे बघत होती. धसईच्या मुलींचे कोपर कुठे बसतात ते मी रेषेबाहेरून पाहिलेलं होतं.

"ती कबड्डी खेळते," मी म्हणाले. "चढाई करते. दर आठवड्याला कोणीतरी तिच्या तोंडावर पडतं."

आत्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. पापुद्रा न उचलता वरूनच लेझर मारायची दुसरी पद्धत आहे, म्हणाल्या. काही दिवस जास्त दुखतं, नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो, पण सरकण्यासारखं काही राहत नाही. "खेळणाऱ्यांना आम्ही हीच सुचवतो. काही महिने मैदान बंद ठेवावं लागेल. चालेल?"

"म्हणजे नंतर खेळू शकते मी?" आत्याचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

"त्यासाठीच करायचं ना?"

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे परतताना तिला जवळचं काही दिसत नव्हतं. मी तिचा हात धरून एसटीत बसवलं. शहापूर आलं तेव्हा म्हणाली, "आवाज चांगलाय की गो तुझा. कुठं ठेवला होतास इतके दिवस?"

ऑपरेशन झालं. चार दिवस ती अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा लावून सगळ्यांशी भांडली. "चष्मा घालवायला गेले नि डबल काळा घेऊन आले," हे तिने भेटायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं.

काही महिन्यांनी मुरबाडला ती पहिल्यांदा उतरली आणि पहिल्याच चढाईत पकडली गेली. माझ्या शेजारी येऊन बसली. "आता तोंडं दिसतात गो. ती कोपऱ्यातली ओठ चावत होती, पोर घाबरलेली. मला दया आली नि तेवढ्यात पाय धरला माझा." पुढच्या चढाईत तिने दया बाजूला ठेवली आणि दोघींना बाद करून आली. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलं. आमच्या धरणाच्या वसाहतीत ते मी ज्याला त्याला सांगितलं. मी आपण होऊन कोणाला काही सांगते, याचंच लोकांना जास्त नवल वाटलं.

पण त्या दिवशी मुरबाडहून परतताना तिने मला विचारलं, "मी आत असते तेव्हा तू अशी का उभी असतेस? गाल फुगवून?"

माझा हात गालाकडे गेला.

"एवढी वर्षं माझ्याबरोबर तू पण दम धरत होतीस?"

इतकी वर्षं मी तिच्यासाठी रेषेबाहेरचा एक डाग होते, आणि मला ते सोयीचं होतं. आता ती चढाईला निघाली की मी मान खाली घालते आणि चष्मा पुसत असल्यासारखी ओढणीचं टोक बोटांत फिरवत राहते.